धोक्याचे आहे, पण कशाचे?

गेल्या हिवाळ्यात विज्ञान शिक्षकांच्या बैठकीसाठी आम्ही एका शाळेत गेलो होतो. दुसऱ्या दिवशी पाचवी-सहावीची सहल निघायची होती आणि शिक्षकांच्या खोलीत प्रथमोपचाराची पेटी भरण्याचे काम चालू होते. पेटीत गोळ्यांच्या तीन स्ट्रिप्स होत्या. घाटात ज्यांना बस लागते त्यांच्यासाठी एक, सर्दीसाठी एक, आणि अंगावर पित्त उठले किंवा किडा चावला तर देण्यासाठी एक. तीन तक्रारी, तीन औषधे, असा पेटी भरणाऱ्या बाईंचा सरळ हिशेब होता.

आम्ही स्ट्रिप्स उलट्या करून बारीक अक्षरातली नावे वाचली. पहिलीत प्रोमेथाझिन होते. दुसरीत पॅरासिटामॉल आणि फेनिलएफ्रिन यांच्या जोडीला क्लोरफेनिरामिन होते. तिसरीत फेनिरामिन होते. नावे तीन असली तरी कुळ एकच : गुंगी आणणारी हिस्टामिनविरोधी औषधे. म्हणजे एखाद्या मुलाला सकाळी बस लागते म्हणून पहिली गोळी दिली, दुपारी शिंका आल्या म्हणून दुसरी दिली आणि संध्याकाळी गडावर गांधीलमाशी चावली म्हणून तिसरी दिली, तर आपल्या समजुतीप्रमाणे आपण तीन वेगवेगळे उपचार केले. मुलाच्या मेंदूच्या दृष्टीने मात्र एकाच जातीचे औषध तीनदा पोटात गेले.

ही चर्चा चालू असताना एक शिक्षक म्हणाले, "आमच्या आई झोप लागत नाही म्हणून रोज रात्री यातली पहिलीच गोळी घेतात. झोपेची गोळी नव्हे ना ती, उलटीची आहे, म्हणून आम्ही निर्धास्त आहोत." आईंचे वय पंचाहत्तर.

परीक्षण बहुधा पुस्तकाचे होते. या वेळी आम्ही घरोघरी असलेल्या आणि क्वचितच वाचल्या जाणाऱ्या एका मजकुराचे परीक्षण करणार आहोत. तो मजकूर आहे या स्ट्रिप्सच्या पाठीवरचा.

चौकटीतले एक वाक्य

आपल्याकडील १९४५ च्या औषध नियमांत औषधांच्या काही याद्या आहेत, त्यांना अनुसूची म्हणतात. हिस्टामिनविरोधी औषधांचा हा जुना गट अनुसूची 'जी' मध्ये येतो. या यादीतल्या औषधाच्या वेष्टनावर एक ठरावीक इशारा इंग्रजीत छापावा लागतो. वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणे धोक्याचे आहे, असा त्याचा आशय. या वाक्याभोवती रेघ आखायची आणि त्या चौकटीत दुसरा एकही शब्द घालायचा नाही, असेही नियम सांगतो.

या वाक्याबद्दल आमच्या तीन तक्रारी आहेत. पहिली म्हणजे, धोका आहे एवढे ते सांगते, पण कसला ते सांगत नाही. काविळीचा, हृदयाचा, व्यसनाचा, की रस्त्यावर डुलकी लागण्याचा? 'पाणी खोल आहे' या पाटीने माणूस सावध होतो, कारण काय टाळायचे ते त्याला कळते. नुसत्या 'धोका' या पाटीने त्याला फार तर भीती वाटते, आणि काही दिवसांनी तीही वाटेनाशी होते.

दुसरी तक्रार अशी की या वाक्याला व्यवहारात आधार नाही. 'जी' यादीतले औषध विकताना चिठ्ठी पाहण्याची सक्ती 'एच' किंवा 'एक्स' यादीप्रमाणे नाही. देखरेखीशिवाय धोक्याचे असलेले औषध देखरेखीशिवाय हातात पडते. मग वाचणारा स्वाभाविकपणे समजतो की इशारा केवळ रीत म्हणून छापला आहे.

तिसरी तक्रार भाषेची. ज्या आईंना तो इशारा वाचायला हवा त्यांना इंग्रजी येत नाही. आणि ज्यांना येते त्यांनाही चकचकीत पत्र्यावरची ती अक्षरे भिंगाशिवाय दिसत नाहीत.

गुंगी हा दुष्परिणाम की परिणाम?

हा मजकूर कसा असायला हवा होता हे ठरवण्यापूर्वी गोळी काय करते ते पाहू. हिस्टामिन हे आपल्याच शरीरात तयार होणारे रसायन. त्याचे शरीरातले परिणाम हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१० पासून तपासले. परागकण, धूळ किंवा कीटकाचे विष यांचे वावडे असलेल्या माणसाच्या ऊतींमधल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. ते रक्तवाहिन्यांच्या आणि चेतातंतूंच्या पृष्ठभागावरील ठरावीक ग्राहींना चिकटते. मग वाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव पाझरतो, खाज सुटते, शिंका येतात. ग्राही आधीच दुसऱ्या रेणूने अडवून ठेवला तर हिस्टामिनला जागा मिळणार नाही, ही हिस्टामिनविरोधी औषधांमागची कल्पना. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डॅनियल बोव्हे आणि आन-मारी स्टाउब यांनी १९३७ मध्ये असा पहिला रेणू दाखवला. तो विषारी असल्याने वापरात आला नाही, पण वाट सापडली. १९४० च्या दशकात डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन ही औषधे आली. बोव्हे यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हिस्टामिनचे दुसरे काम मेंदूत चालते. हायपोथॅलॅमस या भागातील काही चेतापेशी हिस्टामिनचा उपयोग संदेशवाहक म्हणून करतात आणि मेंदूला जागे ठेवतात. जुन्या गटाचे रेणू मेंदूभोवतीचा अटकाव सहज ओलांडतात आणि तिथलेही ग्राही अडवतात. तेव्हा नाकातली शिंक थांबवणारी आणि मेंदूतली जाग मंद करणारी क्रिया एकच आहे. फक्त जागा वेगळी. गुंगीला आपण दुष्परिणाम म्हणतो, कारण आपण गोळी शिंकेसाठी घेतली. शल्यविशारदांनी हीच गोष्ट वेगळ्या नजरेने पाहिली. फ्रान्समध्ये आंरी लाबोरी यांनी शस्त्रक्रियेच्या रुग्णांना शांत करण्यासाठी प्रोमेथाझिन वापरले, आणि त्याच कुळातल्या रसायनांच्या शोधातून क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारांवरील औषध पुढे आले.

याखेरीज हे रेणू आणखी एक भलते कुलूप बंद करतात. ॲसिटिलकोलिन या दुसऱ्या संदेशवाहकाचे ग्राहीही ते अडवतात. तोंड कोरडे पडणे, दृष्टी धूसर होणे, बद्धकोष्ठ, लघवी अडकणे हे त्याचे परिणाम. म्हणून काचबिंदूच्या काही रुग्णांना आणि पुरःस्थ ग्रंथी वाढलेल्या पुरुषांना ही गोळी त्रासाची ठरते.

पुढे आलेल्या लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, सेटिरिझिन या नव्या गटाचे रेणू मेंदूत फारसे शिरत नाहीत. शिरलेल्यांना मेंदूच्या वाहिन्यांतील एक प्रथिन पुन्हा बाहेर ढकलते. यांतही सेटिरिझिनने काहींना झोप येते, हे लक्षात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आज अ‍ॅलर्जीसाठी लोराटाडिन आहे.

सर्दीवरचा दावा

सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यात नाक वाहते ते अ‍ॅलर्जीसारखे मुख्यतः हिस्टामिनमुळे नव्हे. तरीही १९४९-५० मध्ये अमेरिकेत ही औषधे सर्दी मुळातच रोखतात अशा जाहिरातींचा पूर आला होता. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्या वेळी औषधाची गोळी आणि तशीच दिसणारी निरौषध गोळी यांची तुलना केली आणि १९५० मध्ये निष्कर्ष छापला : उपयोग म्हणण्याजोगा फरक नाही. सर्दी आपोआप बरी होते, म्हणून तिच्यावर दिलेले कोणतेही औषध गुणकारी वाटते. ही फसगत टाळण्यासाठी निरौषध गोळी किती आवश्यक आहे, याचे हे वर्गात सांगण्याजोगे उदाहरण आहे.

पुढच्या काळात झालेल्या १८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये कोक्रेन या संस्थेने घेतला. पहिल्या एक-दोन दिवसांत औषध घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के लोकांना बरे वाटले, निरौषध गोळी घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के लोकांना. त्यानंतर फरक उरला नाही. शंभरात सात जणांना दोन दिवसांपुरता आराम आणि घेणाऱ्या सर्वांना गुंगीची शक्यता, असा हा सौदा आहे. सर्दीच्या गोळीतला दुसरा घटक फेनिलएफ्रिन. तो तोंडाने घेतल्यास चोंदलेले नाक मोकळे होत नाही, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितले. उरले पॅरासिटामॉल. ताप-अंगदुखीवर ते खरोखर काम करते; मात्र तापासाठी ते वेगळेही घेतले असेल तर दोन्हीकडची मात्रा नकळत एकत्र होते आणि जास्त मात्रा यकृताला घातक ठरते.

आपली गुंगी आपल्याला कळते का?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ब्रिटनमध्ये अशा औषधावर जी सूचना असते ती आपल्या चौकटीपेक्षा पुष्कळ चांगली आहे. औषधाने झोप येऊ शकते, तशी आली तर वाहन किंवा यंत्र चालवू नका, मद्य घेऊ नका, असे ती सांगते. धोका कसला आणि काय टाळायचे, दोन्ही त्यात आहे. पण तिच्यातला 'आली तर' हा शब्दप्रयोग आम्हाला खटकतो. त्यात गृहीत आहे की झोप आल्याचे घेणाऱ्याला कळेल.

अमेरिकेतील आयोवा येथे केलेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे गृहीतच तपासले गेले. परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्या ४० जणांना वाहन चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रात बसवले. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी डायफेनहायड्रामिन, फेक्सोफेनाडिन, मद्य आणि निरौषध गोळी दिली. मद्याची मात्रा रक्तातले प्रमाण सुमारे ०.१ टक्का होईल इतकी होती. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्का आहे, म्हणजे हे तिच्या तिपटीहून अधिक. पुढच्या गाडीमागे सारखे अंतर राखण्यात सर्वांत वाईट कामगिरी मद्यानंतर नव्हे, डायफेनहायड्रामिनच्या ५० मिलिग्रॅमच्या एका मात्रेनंतर दिसली. फेक्सोफेनाडिन घेतल्यावर चालवणे निरौषध गोळीसारखेच होते.

याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. प्रत्येकाला किती झोप येते असे वाटते तेही विचारले होते. या उत्तरांवरून कोण किती वाईट चालवेल याचा अंदाज नीट बांधता आला नाही. पेंग न जाणवणाऱ्यांचाही हात चुकत होता. असे होणे चमत्कारिक नाही. सतर्कता मोजायला जे साधन वापरायचे, तो मेंदूच औषधाने मंद केलेला असतो. सैल झालेल्या काट्याच्या तराजूने त्याच तराजूतला दोष कसा शोधणार?

म्हणून 'झोप आली तर गाडी चालवू नका' हे पुरेसे नाही. 'झोप आली नाही असे वाटले तरी चालवू नका' असे लिहायला हवे.

वर्गात बसलेली गुंगी

शिक्षक म्हणतील, आमची मुले गाडी चालवत नाहीत. पण ती गणित सोडवतात. नेदरलँड्समधील एका अभ्यासात, जो १९९३ मध्ये छापून आला, अ‍ॅलर्जीने नाक वाहणाऱ्या मुलांना धडा शिकवून नंतर किती लक्षात राहिले ते तपासले. नुसत्या अ‍ॅलर्जीनेही मुलांचे शिकणे निरोगी मुलांपेक्षा कमी पडले होते, आणि डायफेनहायड्रामिन घेणाऱ्यांचे सर्वांत कमी पडले. म्हणजे अ‍ॅलर्जीवर उपचार नको असे नव्हे; उपचार न करण्याचीही किंमत आहे. कोणता उपचार हा प्रश्न आहे.

ब्रिटनमध्ये १५ ते १७ वर्षांच्या १,८३४ विद्यार्थ्यांची हिवाळ्यातली सराव परीक्षा आणि उन्हाळ्यातली अंतिम परीक्षा यांची तुलना २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. उन्हाळा हा तिथला परागकणांचा मोसम. परीक्षेच्या दिवसांत लक्षणे असलेल्यांत श्रेणी घसरण्याची शक्यता सुमारे १.४ पट होती. गुंगी आणणारी गोळी घेणाऱ्यांत ती १.७ पट होती. या आकड्याला चिकित्सकपणे विचारायचा प्रश्न असा : ज्यांचा त्रास मुळातच जास्त होता त्यांनीच जास्त गोळ्या घेतल्या असतील तर? ही शंका योग्य आहे, आणि असा अभ्यास एकटा तिचे निरसन करू शकत नाही. परंतु प्रयोगशाळेतला पुरावा त्याच दिशेला बोट दाखवतो. मागच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलाला 'आळशी' म्हणण्यापूर्वी काल रात्री कोणती गोळी घेतली होती, हे एकदा विचारावे.

रात्रीची गोळी

आता त्या पंचाहत्तर वर्षांच्या आईंकडे वळू. पहिल्या एक-दोन रात्री अशी गोळी झोप आणते यात वाद नाही. पण २००२ च्या एका प्रयोगात निरोगी पुरुषांना डायफेनहायड्रामिन रोज दोनदा दिले, तेव्हा चौथ्या दिवशी त्याने येणारी गुंगी निरौषध गोळीइतकीच उरली. शरीर सरावते. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१७ च्या मार्गदर्शनात निद्रानाशासाठी डायफेनहायड्रामिन न वापरण्याचे सुचवले.

झोपेचा फायदा ओसरला तरी ॲसिटिलकोलिन अडवण्याचे काम चालूच राहू शकते. वृद्धांमध्ये औषध शरीरातून सावकाश जाते. रात्री लघवीला उठताना तोल जाणे, गोंधळल्यासारखे होणे, बद्धकोष्ठ यांना 'वय झाले' असे म्हटले जाते. वृद्धांनी टाळावयाच्या औषधांची बीअर्स यांच्या नावाने ओळखली जाणारी यादी आहे; तिच्यात हा सगळा जुना गट आहे. २०१५ मधील एका मोठ्या पाहणीत ॲसिटिलकोलिनविरोधी औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले. यावरून औषधानेच तो झाला असे सिद्ध होत नाही, पण रोजच्या सवयीला 'निर्धास्त' म्हणण्याचा आधार नक्कीच जातो. अशी गोळी महिनोन्महिने घेणाऱ्यांनी डॉक्टरांना तसे सांगावे आणि झोप का लागत नाही ते शोधावे. दुखणे, खोकला, दुपारची झोप, संध्याकाळचा चहा, काळजी यांतले काहीही कारण असू शकते.

मुले म्हणजे लहान आकाराची मोठी माणसे नव्हेत

'मोठ्याला एक, तर मुलाला अर्धी' हा हिशेब सहलीत सर्रास चालतो. काही मुले या गोळीने झोपण्याऐवजी उलट बिथरतात, चिडचिडी होतात. अगदी लहान मुलांत श्वास मंदावण्याचा धोका असतो; दोन वर्षांखालील मुलांना प्रोमेथाझिन देऊ नये असा चौकटीतला इशारा अमेरिकेने २००४ मध्ये घातला. आपल्याकडे क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना वापरू नये, असे वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने मुले दगावली, तिथे कारण डायएथिलिन ग्लायकॉल या विषाची भेसळ हे होते, हिस्टामिनविरोधी औषध नव्हे. दोन्हींची गल्लत करू नये. पण त्यानंतर केंद्र सरकारने दिलेला सल्ला इथे लागू पडतो : दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा सुचवू नयेत.

आणखी एक गोष्ट. गांधीलमाशी चावल्यावर किंवा एखादा पदार्थ खाल्ल्यावर श्वास घ्यायला त्रास, घशाला सूज, चक्कर असे काही दिसले तर ही गोळी देऊन वाट पाहत बसू नये. तिथे लागते ते ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन, आणि तेही मिनिटांच्या हिशेबाने. मूल सरळ रुग्णालयात न्यावे.

मग स्ट्रिपवर काय असावे?

आमच्या मते चौकटीत मराठीत एवढे असले तरी पुरे :

'या गोळीने सतर्कता कमी होते, तुम्हाला झोप आल्यासारखे वाटले नाही तरी. घेतल्यावर आणि दुसऱ्या सकाळी वाहन व यंत्र चालवू नका, पोहू नका. दारू किंवा झोपेच्या औषधाबरोबर घेऊ नका. सर्दी, खाज, बस लागणे यांवरच्या दुसऱ्या गोळीतही हेच औषध असू शकते, नाव पाहा. वृद्धांनी, काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. लहान मुलांना विचारल्याशिवाय देऊ नका.'

'दुसऱ्या सकाळी' का, हे वरच्या वर्गांना गणिताने दाखवता येईल. क्लोरफेनिरामिनची रक्तातली पातळी निम्मी व्हायला प्रौढांमध्ये सुमारे २० तास लागतात असे धरा. रात्री दहाला घेतलेल्या गोळीचे सकाळी आठला किती उरले? दहा तास म्हणजे अर्धा टप्पा. दोनाचे वर्गमूळ १.४१, एकाला त्याने भागले की उत्तर येते सुमारे ७१ टक्के. आता रोज रात्री एक गोळी घेतली तर आठवड्याने सकाळची पातळी किती, हे विद्यार्थ्यांनी स्वतः काढावे. रक्तातली पातळी आणि प्रत्यक्ष गुंगी सारख्याच वेगाने उतरतात असे नाही, हेही त्यांना सांगावे.

दुसरा उपक्रम सोपा आहे. मुलांना घरून फक्त रिकाम्या स्ट्रिप्स आणायला सांगा. गोळी असलेली एकही नको. भिंगाने मूळ औषधाचे नाव वाचा आणि फळ्यावर तक्ता करा : दुकानातले नाव, आतले औषध, घरात कशासाठी घेतले. एकच औषध किती नावांनी आणि किती तक्रारींसाठी घरात आले आहे ते दिसेल.

त्या शाळेत आम्ही निघेपर्यंत बाईंनी पेटीतून सर्दीची आणि पित्ताची स्ट्रिप काढून ठेवली होती. बस लागणाऱ्यांच्या गोळीवर त्यांनी चिकटपट्टीवर पेनने लिहिले : 'फक्त पालकांची चिठ्ठी असेल तर. डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा. गोळी घेतलेले मूल गडाच्या कडेला, तळ्याजवळ एकटे सोडू नये.' छापील चौकटीत जे नव्हते ते या तीन ओळींत होते.